हाकेला ओ

जयसिंग खराडेला पहिला काळा धागा दिसला तो साखरेत.

पंचधारा साखर कारखान्यात तो पॅनमन होता. उसाचा रस आटून घट्ट पाक झाला की तो भल्यामोठ्या पॅनमध्ये येतो आणि तिथं त्याचा दाणा धरतो. दाणा केवढा झाला, पाक कधी खाली सोडायचा, हे ठरवणारा तो पॅनमन. २०४३ साल उजाडलं, पॅनभोवतीची भिंत सेन्सरांनी भरून गेली, तरी पाकाचा थेंब काचेच्या पट्टीवर ओढून उजेडाकडे धरायचा आणि डोळ्यानं बघायचा, ही जुनी रीत कुणी मोडली नव्हती. जयसिंगचं पोट त्या रीतीवर चाललं होतं.

त्या दुपारी त्यानं पट्टी खिडकीकडे धरली, तर दाण्यांच्या मधोमध केसाएवढा काळा धागा. पाकात काही पडलं असेल म्हणून त्यानं पट्टी पुसली आणि नवा थेंब घेतला. धागा होताच. त्यानं पट्टी डावीकडे सरकवली, धागा जागचा हलला नाही. मग पट्टी तशीच धरून त्यानं नुसती नजर डावीकडे वळवली आणि धागा नजरेबरोबर तरंगत निघाला.

जयसिंग घाबरला. धागा पाकात नव्हता, त्याच्या डोळ्यात होता, आणि तो कशाचा असतो हे त्याला चांगलं माहीत होतं.

"काय खराडे, धरला का दाणा?" खालून केमिस्टनं विचारलं.

"धरलाय की," जयसिंग म्हणाला आणि पट्टी खिशात घातली.

साखर कारखान्यात उमर काढलेल्या माणसाला साखरेचाच आजार जडावा, यावर त्याच्या दोस्तांनी पोटभर विनोद करून घेतले होते. जयसिंगही हसायचा. पण दोन वर्षांपूर्वी इचलकरंजीच्या डॉ. हसीना मुजावरांनी त्याचा डोळा तपासून सांगितलं, की साखरेनं डोळ्याचा पडदा खराब करायला घेतलाय, लेसर करावं लागेल. तेव्हा त्याचं हसू मावळलं. त्यानं लेसर केलं. कारखान्यात सांगितलं नाही, कारण पडदा गेलेल्या पॅनमनला गोदामात पोती मोजायला बसवतात. आणि घरी सांगितलं, "मोतीबिंदू होता, काढला."

मोतीबिंदू म्हणजे मोठा सोज्वळ आजार. अर्ध्या गावाला होतो, शिबिरात निघतो, त्याला कुणी भीत नाही. साखरेनं जाणाऱ्या डोळ्यांना मात्र त्याची बायको संयोगिता भीत होती, आणि तिला तसं कारण होतं. तिचे वडील, आबा, साखरेनंच आंधळे झाले होते. शेवटची कित्येक वर्षं ते लेकीकडेच होते. ताट सापडलं नाही की भिंतीवर भिरकवायचे, रात्री-अपरात्री दार धडधडवायचे. तिनं सगळं केलं, तोंडातून ब्र काढला नाही. फक्त आबांच्या तेराव्यानंतर पातेली घासताना ती एकदाच म्हणाली, "पुन्हा हे माझ्याच्यानं व्हायचं नाही." जयसिंगनं ते ऐकलं होतं आणि मनात ठेवलं होतं.

म्हणून मोतीबिंदू. एकदा थाप मारली की ती पाळावीही लागते. त्यानं डोळे ओले ठेवायचं साधं औषध विकत आणलं आणि महिनाभर सकाळ-संध्याकाळ संयोगितानं त्याची मान मांडीवर घेऊन त्याच्या डोळ्यांत थेंब घातले.

दुसरी तक्रार मोतीबिंदूच्या नावावर खपण्यासारखी नव्हती. साखर नुसते डोळेच खाते असं नाही. नवरा-बायकोच्या मधलंही खाते, आणि ते दुखणं असं की डॉक्टरकडेही माणूस 'जरा कमजोरी आहे' असं भिंतीकडे बघून सांगतो. जयसिंगनं तेवढंही सांगितलं नाही. रात्रपाळीचं निमित्त काढून त्यानं आपली कॉट बाहेरच्या खोलीत टाकली. रात्रपाळी संपली, कॉट तिथंच राहिली. मुलगी नोकरीला बंगळुरूला गेलेली, घरात दोघंच, आणि दोघांच्या मध्ये एक दार.

संयोगिताची मिरची कांडपाची गिरणी होती. एका संध्याकाळी तो तिला घ्यायला गेला, तेव्हा ती मसाला चाळत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "माझ्यात काय कमी पडलं का?"

जयसिंगला ठसका लागला. तिखटाचा लागला, असं त्यानं दाखवलं. पण पुढच्याच आठवड्यात त्यानं मिरजेच्या 'नवपल्लव' केंद्राला फोन केला. तिथली अट होती, नवरा-बायको दोघांनी यायचं.

"मी येतो की बरोबर," संयोगिता म्हणाली. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना येतो, जातोच म्हणतात. केंद्रातले डॉ. ईशान पटवर्धन पुण्याचे होते, ते तिचं बोलणं ऐकून पहिल्यांदा जरा गोंधळले आणि मग कौतुकानं हसले. माणूस तरुण होता, पण समजावून चांगलं सांगायचा.

"तुमच्याकडे उसाला ठिबक आहे ना? क्षारानं नळ्या चोंदल्या की मोटार कितीही मोठी लावा, पाणी पोचत नाही. इथं तसंच झालंय. साखरेनं बारीक रक्तवाहिन्या कडक झाल्यात, नसा मंदावल्यात. जुन्या गोळ्या म्हणजे नुसता व्हॉल्व्ह उघडायच्या. आपण नळ्याच नव्या घालणार."

पोटाच्या चरबीत मूलपेशी असतात. त्या काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि टोचून परत द्यायच्या. या पेशी स्वतः रक्तवाहिनी होतात असं नाही, त्या हुकूम सोडतात. जिथं रक्त कमी पडतं, तिथलं मांस एक रासायनिक हाक मारत असतं. ती हाक ऐकून त्या पेशी तिथं जाऊन बसतात आणि 'इथं रक्तवाहिन्या वाढवा, इथं नसा जगवा' असे संदेश सोडत राहतात. पूर्वीच्या पेशी थोड्याच दिवसांत मरायच्या आणि गुणही त्यांच्याबरोबर जायचा. आता त्यांच्या जनुकांत फेरफार करून त्यांना दीर्घायुषी केलं होतं आणि त्यांचे कान तिखट केले होते. काही बिघडलंच तर एक औषध होतं. ते शिरेतून दिलं की त्या सगळ्या पेशी एका रात्रीत मरणार. नर्सा त्या औषधाला 'पूर्णविराम' म्हणत.

"डोळ्यांचं काही?" पटवर्धनांनी विचारलं. "शुगरवाल्यांचा पडदा आम्ही बघून घेतो. लेसर वगैरे झालंय?"

संयोगिता शेजारीच बसली होती.

"मोतीबिंदू काढलाय," तो म्हणाला. "तेव्हा पडदा बघितला होता. चांगला आहे म्हणाले."

"होय," संयोगितानं भाबडेपणानं जोड दिली, "मीच थेंब घालत होतो महिनाभर."

बायकोच सांगते म्हटल्यावर डॉक्टर पुढच्या प्रश्नाकडे वळले. खरं बोलायला तेवढीच एक फट होती, ती बुजली. उपचार गणपती झाल्यावर सुरू झाले.

आणि लागू पडले. कसे, ते सांगायची गरज नाही. बाहेरच्या खोलीतली कॉट गच्चीवर गेली आणि तिच्यावर मिरच्या वाळायला लागल्या, एवढं पुरे. संयोगिता कांडपावर गुणगुणायला लागली आणि दळणाला आलेल्या बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. जयसिंगनं मिशीला कलप लावला. दोघं पन्हाळ्यावर जाऊन झुणका-भाकर खाऊन आली, येताना तिनं त्याच्या खांद्यावर मान टाकली. इतक्या वर्षांनी आपण घरात राहतो असं त्याला वाटलं.

मग साखरेत तो धागा दिसला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून परस्पर तो इचलकरंजीला गेला. मुजावर मॅडमनी बाहुल्या मोठ्या करून भिंगातून बराच वेळ बघितलं. मग भिंग खाली ठेवलं.

"खराडे, अलीकडं नवीन काय घेतलंत? खरं सांगा."

"ते... मिरजेला," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "पुरुषांचं असतं ते. पेशींचं."

"बरं." त्यांच्या आवाजात लाज नव्हती, चेष्टाही नव्हती. "त्यांना लेसरचं सांगितलं होतंत?"

"मोतीबिंदू सांगितला."

मुजावर मॅडमनी खुर्ची जवळ ओढली.

"नीट ऐका. तुमच्या पडद्याला रक्त कमी पडतंय, म्हणून तो हाका मारत होता. शरीर हाकेला ओ देतं, नव्या रक्तवाहिन्या पाठवतं. पण डोळ्यातल्या या वाहिन्या असतात कच्च्या, भिजलेल्या कागदासारख्या. गळतात, फुटतात, त्याच्यानंच माणूस आंधळा होतो. लेसरनं आपण पडद्याची कड भाजून ओरडणारी तोंडं बंद केली होती. सगळी नाही, पुष्कळशी. आणि तुम्ही अंगात काय सोडलंत, तर हाक ऐकली की धावत जाणारी पलटण."

"पण ते खाली टोचलंय."

"रक्ताला खाली-वर कळतं का? थोड्या पेशी वाहत निघाल्या असणार. त्या हाकेच्या दिशेनं जातात. आणि तुमच्या अंगात सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडतंय? डोळा. दोन्ही डोळ्यांत जाळं झालंय, डाव्यात जास्त. उजव्यातलं अजून थांबेल. आज मिरजेला जा आणि ते बंद करायचं औषध घ्या. मी फोन करू त्यांना?"

"नको, मी जातो."

"आज."

"आज," जयसिंग म्हणाला. आणि मिरजेच्या फाट्यावरून गाडी घराकडे वळवली.

त्याला मूर्ख म्हणणं सोपं आहे. पण त्याचा हिशेब होता तो असा: औषध घेतलं की ते सगळं बंद पडणार, आणि शरीर त्या पेशींना एकदा ओळखून बसलं की दुसऱ्यांदा टिकू देत नाही. कॉट गच्चीवरून परत खाली. संयोगिता विचारणार, का? मग मोतीबिंदू उघडा पडणार, त्याच्यामागून आबा, आणि भिंतीवर आपटलेली ताटं. आणि आपण काहीच बोललो नाही, तर ती पुन्हा चाळणीवरून मान न उचलता तोच प्रश्न विचारणार. तो प्रश्न दुसऱ्यांदा ऐकायची त्याची छाती नव्हती. उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. दुसऱ्या दिवशीही त्यानं तेच ठरवलं.

भीती मात्र उद्यावर जात नव्हती. सकाळी उठलं की तो आधी डावा डोळा झाकून कॅलेंडरवरचं पंचांग वाचायचा, मग उजवा झाकून. डाव्या डोळ्यात आता एक धागा नव्हता, कोळ्याचं घरच होतं, आणि ते रोज थोडं विणलं जात होतं. शिंक आली तरी तो दाबायचा, शिंकेनं काही फुटेल म्हणून. वाकून चप्पल घालायचं त्यानं सोडलं. संयोगिता जवळ आली की अंगातली पलटण आता कुठं पोचली असेल, हाच विचार त्याच्या मनात यायचा. ज्या सुखासाठी हे केलं त्या सुखातच त्याला घाम फुटायचा. ती म्हणायची, "असं का बघायलाय माझ्याकडं?" तो म्हणायचा, "बघू नको का?" ती लाजायची.

शनिवारी दुपार कलल्यावर दोघं स्कूटरवरून जयसिंगपूरला तिच्या बहिणीकडे निघाली. उसाचा हंगाम, रस्त्याला ट्रॅक्टरांची रांग. संयोगिता मागं बसून बहिणीच्या सुनेच्या तक्रारी सांगत होती. जयसिंग हूं हूं करत होता.

हातकणंगल्याच्या पुढं त्याच्या डाव्या डोळ्यात धूर निघाला. तांबूस धूर, खालून वर, चुलीत ओलं जळण घातल्यासारखा. त्यानं पापणी मिटली, उघडली. धूर दाट होत गेला, मग लाल, मग काळा. दुखत काहीच नव्हतं, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. त्यानं गाडी थांबवायला हवी होती. थांबवली तर विचारेल, म्हणून त्यानं थांबवली नाही. मागं संयोगिता बोलतच होती.

रस्त्याच्या डाव्या कडेला उसानं भरलेली ट्रॉली टायर फुटून उभी होती. चांगली घराएवढी ट्रॉली, उसाचे शेंडे बाहेर लोंबणारे. जयसिंगच्या लेखी तिथं काहीच नव्हतं.

"अहो!"

संयोगितानं त्याचा खांदा जिवाच्या आकांतानं उजवीकडे ओढला. गाडी झोकांडली, उसाची पाती सटासट दोघांच्या अंगावरून गेली, समोरून येणाऱ्या टेम्पोनं भोंगा वाजवत स्वतःला वाचवलं आणि गाडी पलीकडच्या चरात जाऊन थांबली. संयोगिताच्या दंडावर पात्यांचे ओरखडे उठले होते, त्यांतून रक्त यायला लागलं होतं.

"एवढी मोठी ट्रॉली दिसली न्हाई तुम्हाला?"

"ऊन आलं डोळ्यावर."

संयोगितानं वळून बघितलं. सूर्य त्यांच्या पाठीमागं होता. मग तिनं त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. उजवा तिच्याकडे बघत होता आणि डावा कुठंतरीच.

"उतरा," ती म्हणाली. "मी चालवतो. कुठं जायचं ते सांगा."

"मिरजेला."

तिनं गाडी चरातून काढली, पदर खोचला आणि निघाली. मागं बसून जयसिंगनं तोंड उघडलं, "संयोगिता, मी तुला..."

"गाडीवर नको," ती म्हणाली. "पोचू दे आधी." तिच्या दंडावरचं रक्त बघत जयसिंग मागं बसला. आपण आज हिला मारलंच असतं.

पटवर्धनांनी डोळ्यावर बॅटरी मारून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "आत सगळं रक्त आहे. खराडे, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याचं असं होत नाही. नक्की काय झालं होतं तुम्हाला?"

संयोगिता शेजारीच बसली होती. मागच्या वेळी बसली होती तशीच.

"मोतीबिंदू नव्हता," जयसिंग म्हणाला. "साखरेनं पडदा गेला होता. लेसर केलं होतं."

संयोगितानं विचारलं, "मग ते थेंब?"

"साधेच होते. डोळे ओले ठेवायचे."

"आणि मी इथं बसून सांगितलं," ती म्हणाली. "ह्याच खुर्चीत. माझ्या तोंडून वदवून घेतलंत."

"चूक माझीही आहे, ताई," पटवर्धन हळू आवाजात म्हणाले. "पडदा मी स्वतः बघायला हवा होता. तुम्ही सांगितलंत म्हणून..." आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि ते थांबले. मग त्यांनी मुजावर मॅडमना फोन लावला. दोघांचं बोलणं झाल्यावर त्यांनी सांगितलं, ते असं: पेशी आज रात्रीत मारल्या तर उजवा डोळा बहुतेक वाचेल. डाव्याचं रक्त उद्या सकाळी मॅडम शस्त्रक्रिया करून काढतील, नजर परत येईल की नाही ते आज कुणीच सांगू शकत नाही. "आणि हे औषध दिलं की तो गुण जाणार. हळूहळू, पण जाणार. पुन्हा उपचार करता येणार नाहीत. तुम्हा दोघांना विचारतो."

"द्या," संयोगिता म्हणाली. जयसिंगला तोंड उघडायलाही वेळ मिळाला नाही.

सलाईन लागलं. शिरेत गार काहीतरी शिरलं. नर्स निघून गेली तशी संयोगिता खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"कांडपावर मी तुम्हाला एक विचारलं होतं," ती म्हणाली. "साखरेनं झालंय, एवढं म्हणायला काय लागत होतं? तेवढ्यावर भागलं असतं माझं. मला वाटायचं, मी नकोशी झालो."

"तू म्हणाली होतीस, पुन्हा हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. आबा गेल्यावर. मला भीती वाटली."

"म्हणालो होतो. दमलेली बाई काय वाटेल ते म्हणती. म्हणून माझ्यावाचून आंधळं व्हायचं ठरवलंत?"

जयसिंग रडायला लागला, आणि रडण्यानं डोळ्याला काही होईल म्हणून तेही त्यानं भीत भीतच केलं. संयोगिता बेसिनशी गेली. तिनं हात साबणानं दोनदा धुतले, बोटं हुंगून बघितली, तिखटाचा वास गेला का म्हणून, आणि मग स्टूल ओढून त्याच्या डाव्या बाजूला बसली.

"इकडं बघा." तिनं तळवा त्याच्या उजव्या डोळ्यावर ठेवला. गार, ओला तळवा. "आबांचं मी असंच बघायचो. ते अंदाजानं ठोकून द्यायचे, मी वैतागू नये म्हणून. चुकलं तरी मी बरोबर म्हणायचो. दोघंबी खोटं बोलायचो." ती थांबली. "सांगा. किती बोटं?"

जयसिंगनं डावा डोळा ताणला. नुसता काळोख. काळोखाच्या कडेला कुठंतरी मळकट लाल काहीतरी हलत होतं, ते बोट असेल किंवा रक्त असेल. त्यानं आणखी ताणलं. माणूस बहुतेक दोनच बोटं दाखवतो. कधी तीन. दोन म्हटलं आणि दोनच निघाली तर हिचा जीव भांड्यात पडेल, आजची रात्र तरी ही झोपेल. उद्याचं उद्या. 'दोन' त्याच्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं, आणि तो शब्द इतक्या सहजपणे आला याचीच त्याला एकदम भीती वाटली.

"दिसत नाही," तो म्हणाला. "हात आहे का नाही, तेही कळत नाही मला."

त्याच्या उजव्या डोळ्यावरचा तळवा तिनं काढला नाही.

"हात वर केलाच नव्हता मी," संयोगिता म्हणाली.